लोरिसचं कार्ड

—त्या स्टुलावर नका बसू, त्याचा एक पाय गेलाय, मागच्या महिन्यात फादर आपटले त्यावरून. इकडं या, धुण्याच्या मशीनच्या बाजूला, जरा ऊब आहे. कॉफी? नको तर नको, मी काही आग्रह करणारी बाई नाही. तर काय सांगत होते—हां, नेव्हिओ. लिहा. नेव्हिओ वानेल्ली, वय एकोणीस, परवाच्या रविवारी पहिल्या डिव्हिजनमध्ये पहिल्यांदाच सुरुवातीपासून उतरला, नव्वदच्या नव्वद मिनिटं खेळला आणि समोरच्या त्या धिप्पाड गड्याला एक बॉल म्हणून धड लागू दिला नाही. अख्खं वाल्मोरा बारमधल्या टीव्हीसमोर होतं. मीही गेले होते, मागं भिंतीला टेकून उभी राहिले. सगळे पोराचे पाय बघत होते, मी त्याची चड्डी बघत होते. हसा, हसा! अहो, चाळीस वर्षं या क्लबचे कपडे धुतेय मी, मला कुणी डिफेंडर कसा ओळखायचा ते शिकवू नये. पुढं खेळणाऱ्याची चड्डी मळली तर मळू दे, त्याचं कामच पडण्याचं. पण मागं खेळणारा जर दर रविवारी चिखलात लोळून येत असेल ना, तर समजायचं गडी उशिरा पोचतो—उशिरा पोचतो म्हणून लोळतो, आणि लोळतो म्हणून लोक टाळ्या वाजवतात, गाढव कुठले. जो वेळेवर पोचतो त्याला लोळावं लागत नाही. नेव्हिओची चड्डी रविवारी शेवटच्या शिट्टीपर्यंत पांढरीशुभ्र होती. मी घरी आले आणि झोपले निवांत.

कुणी शिकवलं? आमच्या इथं कोण शिकवणार, शनिवारी खाणीतून सुटलेली माणसं येतात, अंगावर संगमरवराची भुकटी तशीच, शिट्टी फुंकतात आणि आरडाओरडा करतात. त्याला शिकवलं त्याच्या भावानं. थोरल्या. तो त्याला त्या खालच्या गोलसमोर उभा करायचा—सहा-सात वर्षांचं पोर—आणि म्हणायचा, बॉलकडं बघू नकोस, त्याच्या कमरेकडं बघ, कंबर खोटं बोलत नाही. आणि पडलास तर घरी चालत जायचं, माझ्या मोपेडवर जागा नाही. एवढंसं पोर, रडायचं पण पडायचं नाही. थोरला स्वतः तसाच होता. त्याची चड्डी तर मी कधीकधी नुसती झटकून दोरीवर टाकायची, खोटं नाही सांगत. नेव्हिओ चांगला आहे, फार चांगला आहे, पण लोरिस—

जाऊ दे. तुम्ही नेव्हिओसाठी आलात. त्याचा पहिला फोटो दाखवते थांबा, त्या कपाटात आहे, दात पडलेले आहेत समोरचे दोन्ही—काय? लोरिसचं काय? अहो, काय सांगायचं त्याचं, गुडघा गेला खाणीत, एवढा ठोकळा सरकला, पाय वाचला हेच नशीब म्हणायचं. आता वर वजनकाट्यावर बसतो, ट्रक आले-गेले लिहितो. बत्तीस वर्षांचा झालाय. लग्न नाही. आईजवळ राहतो. झालं? लिहा आता नेव्हिओचं.

पुन्हा लोरिस! तुम्ही ना, ताकाला येऊन भांडं लपवताय. मिलानहून चार तास गाडी हाकत आलात ते काय दात पडलेला फोटो बघायला? बरं, विचारा. कोण घेऊन गेलं नाही त्याला? अहो, आलं होतं की बोलावणं. तुमचं वय किती—सत्तावीस? मग तुम्हाला नाही कळायचं, आता कायदाच बदललाय. आधी आमच्याकडं असं होतं—पोरगं पंधराचं झालं की आईबापानं एका कागदावर सही करायची, आणि मग ते पंचवीस वर्षांचं होईस्तोवर त्याचं खेळाडूचं नोंदणीचं कार्ड क्लबच्या हातात. त्याला दुसरीकडं खेळायचं असेल तर क्लबनं सोडायला हवं. दर जुलैत एक यादी जायची, सोडायची यादी म्हणायचो आम्ही, त्यात ज्याचं नाव तो मोकळा. नाव नाही तर बस वर्षभर. अध्यक्षाची सही, टपालाचा शिक्का, ठरलेल्या तारखेच्या आत. तारीख हुकली की देव आला तरी उपयोग नाही. यादी मी टाइप करायची. कपडे मी, कागद मी, मैदानाच्या किल्ल्या मी, आणि अध्यक्ष माझा नवरा—ओरेस्ते. तो फक्त सही करायचा आणि बारमध्ये जाऊन लोकांशी भांडायचा.

आता गावात कुणालाही विचारा, ओरेस्तेचं नाव काढा, काय म्हणतील? कुलूप म्हणतील. तसंच म्हणायचे त्याला तोंडावर. आणि होताच तो हट्टी, मी कशाला नाकारू, मीच पस्तीस वर्षं संसार केलाय. सलग दोन वर्षं जुलैत लोरिसची आई दिर्चे ह्याच खोलीत आली, तुम्ही बसलात ना तिथंच उभी राहिली. अठराचा होता तेव्हा आली, एकोणिसाचा झाला तेव्हा आली. सोडा हो माझ्या पोराला, बोलोन्याकडच्या क्लबचे लोक विचारताहेत. आणि ओरेस्ते म्हणायचा, दिर्चे, तो गेला तर आम्ही खालच्या गटात जाणार, आणि खालच्या गटात गेलो तर ह्या गावात रविवारी करायचं काय, मेंढ्या मोजायच्या? ती जाताना दार आपटायची नाही. एकदा जरी आपटलं असतं ना बाईनं, तर बरं वाटलं असतं मला.

तर तिसऱ्या वर्षी त्या लोकांनी लोरिसला आठवडाभर बोलावलं सरावाला. दुसऱ्या डिव्हिजनचा क्लब, थट्टा नाही. परत आला तेव्हा चेहरा बघायला हवा होता तुम्ही, नुसता हसत होता. त्यांनी सांगितलं होतं, यादीत नाव आलं की ये, खोली तयार आहे. तिसऱ्यांदा विचारत होते, तिसऱ्यांदा कोण विचारतं हो? आणि यादी काही गेली नाही. त्यांनी महिनाअखेरपर्यंत वाट पाहिली आणि दुसरा घेतला. नोव्हेंबरात लोरिस खाणीत लागला, म्हणाला वसंतापर्यंत करतो काहीतरी, रिकामं बसून काय करू. आणि त्याच महिन्याच्या शेवटी तो ठोकळा. दिर्चेनं मग कानाला खडा लावला. दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो—नेव्हिओचा कागद दरवर्षी बोट ठेवून ओळनओळ वाचायची, एका वर्षाचा असेल तरच सही, नाहीतर पेन खाली. म्हणून तर पोरगा चौदाव्या वर्षी आमच्या डोळ्यांदेखत उठून गेला आणि आम्ही काही करू शकलो नाही. बरं झालं. देवाशपथ सांगते, बरं झालं. आता तुम्ही लिहाल, या छोट्या क्लबनं घडवलं त्याला. नका लिहू. त्याला आम्ही घडवलेलं नाही, तो आमच्या तावडीतून सुटलेला आहे. हे लिहा हवं तर.

काय? यादी का गेली नाही? सांगितलं ना, ओरेस्ते—हट्टी. कुलूप. आणि त्या जुलैत तो दवाखान्यात होता, फुप्फुसात दगडाची भुकटी भरून भरून छाती लोहाराच्या भात्यासारखी वाजत होती, ऑगस्टात गेलाच तो, तेव्हा कुठली यादी आणि कुठलं काय—सही? सही काय? सहीचं तुम्हाला कोण बोललं? मी बोलले? मी म्हटलं सही केली म्हणून? मी म्हटलं यादीवर सही लागते, दर वर्षी लागते, एवढंच म्हटलं. तुम्ही पेपरवाले ना, माणसाच्या तोंडात शब्द घालता आणि मग—थांबा, हे मशीन थांबलंय, पाणी गेलं नाही वाटतं. नाही, गेलंय.

तुमच्या आईचं वय काय? असेल की साठीची. तिला विचारा कधीतरी, तुझ्यासाठी काय काय केलं म्हणून. सांगणार नाही ती. कुठलीच आई सगळं सांगत नाही.

मला मुलगा आहे एक. इव्हानो. तो पुढं खेळायचा, नऊ नंबर. आता जर्मनीत आहे, आइस्क्रीमच्या दुकानात, नाताळला फोन करतो, आई कशी आहेस, बरी आहे, ठेव, महाग पडतं—फुकट असतो आता फोन, तरी म्हणते मी. चांगला खेळायचा. म्हणजे—बरा खेळायचा. म्हणजे गावात बरा. आईला कळत नाही असं समजू नका, माझ्या हातनं जातात सगळ्यांच्या चड्ड्या. पण तेव्हा तो बावीसचा होता आणि त्याच्याही मागं एकजण लागला होता, तिसऱ्या डिव्हिजनचा माणूस, म्हणाला सप्टेंबरात येऊन बघतो तुमच्या पोराला. आता विचार करा, सप्टेंबरात तो येणार, आणि मागं लोरिस नसेल तर काय बघणार? आमचा गोलकीपर आंधळा, बाकीचे खाणीतनं थकून आलेले, चार-चार गोल खाणार आम्ही, आणि चार गोल खाणाऱ्या टीमच्या नऊ नंबरकडं कुणी बघतं का? लोरिस मागं असला की बॉल नीट पुढं यायचा, इव्हानोच्या बरोब्बर पायात यायचा. माझ्या पोराचे निम्मे गोल लोरिसच्या पायातनं निघालेले. कळतंय ना मी काय म्हणते?

मी यादी घेऊन दवाखान्यात गेले. कोरी नाही, टाइप करून, दरवर्षीसारखी, चोविशीला आलेल्या तिघांची नावं, ज्यांना कुणी विचारत नव्हतं. ओरेस्तेनं चष्मा मागितला. वाचली. मग म्हणाला, एर्सिलिया, वानेल्लीचं नाव घाल ह्यात. मी म्हटलं, आता? तो म्हणाला, हातानं लिही, खाली जागा आहे. मी लिहिलं. त्यानं सही केली. म्हणाला, तीन दिवस मला तो पोरगाच दिसतोय डोळ्यांसमोर, जाऊ दे त्याला, गेलो खालच्या गटात तर गेलो, मी कुठं असणार आहे बघायला. म्हणाला, आजच टाक. मी पाकिटात घातली, पाकीट पर्समध्ये. पोस्ट दीडला बंद व्हायचं, मी बसमधनं उतरले तेव्हा एक वाजून दहा मिनिटं झाली होती. वीस मिनिटं हातात होती माझ्या. पोस्ट बसथांब्याच्या समोर. रस्ता ओलांडायचा फक्त.

मी घरी गेले आणि घेवड्याच्या शेंगा निवडल्या.

एक वर्ष—मी एवढंच म्हटलं मनाशी. देवाशपथ, एकच वर्ष. सप्टेंबरात तो माणूस येऊन इव्हानोला बघून जाऊ दे, पुढच्या जुलैत पहिलं नाव लोरिसचं टाकीन, स्वतः टाकीन, मेणबत्ती लावीन वर. एकविसाचाच तर होणार होता, काय बिघडतंय. कुणाच्या पायावर ठोकळा पडावा म्हणून थोडंच केलं मी ते? करायला गेले एक आणि—आणि तो माणूस आला की सप्टेंबरात! आला, इथं कठड्याला टेकून दोन्ही हाफ बघितले, इव्हानोनं दोन गोल मारले, दोन! आणि मॅच संपल्यावर माझ्याकडं येऊन विचारतो, बाई, तो मागचा पोरगा कोणाचा, त्याचं कार्ड कोणाकडं आहे? मी म्हटलं, आमच्याकडं. तो म्हणाला, अरेरे. आणि गाडीत बसून गेला. इव्हानोचं नावसुद्धा नाही विचारलं.

आणि ओरेस्तेला कुलूप म्हणत राहिले लोक. मेलेल्या माणसाला. त्याच्या थडग्यावर कुणी तरी खरोखरचं कुलूप नेऊन ठेवलं होतं, गंजकं, मी काढून नदीत टाकलं. तेव्हा तरी बोलायचं होतं मी. बाजारात दिर्चे समोरून यायची, मी मान खाली घालायची, आणि लोकांना वाटायचं नवऱ्याची लाज वाटते बिचारीला. बिचारी! ऐकून घेतलं मी. तेही ऐकून घेतलं.

सांगायला हवं? कुणाला, लोरिसला? तुम्ही तरुण आहात, तुम्हाला खरं म्हणजे औषध वाटतं, दिलं की माणूस बरा. काय सांगू त्याला? आज त्याला वाटतं त्याचं नशीब फुटकं, एक म्हातारा आडमुठा निघाला, आणि कोण जाणे, कदाचित आपण तेवढे चांगले नव्हतोही. स्वतःची अशी समजूत घातलेला माणूस झोपतो हो रात्री. त्याला मी जाऊन सांगू, की बाबा, तू होतास तेवढा चांगला, तू नेव्हिओपेक्षा चांगला होतास, तुला सोडलंसुद्धा होतं, सही झाली होती, मध्ये फक्त एक रस्ता होता आणि मला तो ओलांडायचा नव्हता? मग झोपेल तो? रविवारी भावाला टीव्हीवर बघताना काय बघेल? माझं काय, माझं झालं, मला फाशी द्या. पण त्याचं उरलंसुरलं मी कशाला काढून घेऊ? सांगा ना. पेन खाली ठेवलंत ना? मग.

आणि तुम्ही लिहिणार नाही हे. नाही म्हणजे नाही. एका बाईनं ओली जर्सी पिळता पिळता काहीतरी बडबड केली, झालं. मी नाकारीन. पाकीट कुठंय ते तुम्हाला सापडायचं नाही, इव्हानोलाही ठाऊक नाही.

काय म्हणालात?

पुन्हा बोला. मशीनचा आवाज आहे, नीट ऐकू—नाही, मशीन बंद आहे. बोला.

कधी भेटलात त्याला? आज सकाळी? वजनकाट्यावर? आणि तो आपण होऊन—काय बोलला? शब्द सांगा, त्याचे शब्द सांगा मला. ओरेस्तेनं फोन केला होता. कधी? त्याच दिवशी. दवाखान्यातनं. त्या बारक्या नर्सच्या फोनवरनं केला असेल, ह्याला नंबर तरी कुठं... पोरा, तुझं नाव घातलंय, एर्सिलिया टाकतेय पोस्टात, बूट बांध. असं म्हणाला? बूट बांध. हां, तसंच बोलायचा तो.

म्हणजे त्या दिवसापासून. बारा वर्षं. त्या दिवशी दुपारी त्याला ठाऊक होतं की नाव घातलंय, आणि आठवड्यानं सोडलेल्यांची नावं लागली, त्यात आपलं नाही, तेव्हा ठाऊक झालं की—दुसरं कोण होतं मध्ये? कुणीच नव्हतं. मीच.

म्हणून आला होता तो ओरेस्तेच्या पेटीला खांदा द्यायला! वानेल्लींच्या घरातनं एकटा आला होता, लोक बघत राहिले, मला वाटलं केवढं मोठं मन. मी त्याचा हात धरून आभार मानले हो चर्चच्या दारात. सगळ्यांदेखत. आणि त्यानं हात काढून नाही घेतला. म्हणाला, ओरेस्ते भला माणूस होता, सिन्योरा. माझ्या डोळ्यांत बघून म्हणाला. मी म्हटलं, हो रे बाबा, हो.

आईला सांगितलं नाही त्यानं? नेव्हिओला? कुणालाच नाही. मग तुम्हाला का? तुम्ही कोण त्याचे?—त्यानंच पाठवलंय. जा म्हणाला, एर्सिलियाबाईला त्या जुलैचं विचारा, बघा काय सांगते. पेपरात घालू नका म्हणाला, घालायचं नाहीये त्याला. नुसतं विचारा म्हणाला. आणि मी तुमच्यासमोर पहिल्यांदा काय सांगितलं? ओरेस्ते हट्टी. ओरेस्ते कुलूप. तेच सांगितलं ना? तेच. ते सांगाल तुम्ही त्याला. मी नंतर बाकीचं बोलले तेही सांगाल, पण आधी काय बोलले ते विचारेल तो. मला ठाऊक आहे, तो तेच विचारेल.

रागावला होता का? नाही? काहीच नाही? शिव्या तरी दिल्या असतील. एखादी. दारू पिऊन तरी—नाही.

वाट बघतोय म्हणाला. कसली वाट?

मी सांगण्याची.

उठा तुम्ही. हो, आत्ता. ते पेन घ्या, वही घ्या, तुमचा कोट त्या खुंटीवर आहे. मला काही विचारू नका आता. नेव्हिओचा फोटो नेऊ नका, तो दिर्चेला मागा. दार लोटून घ्या जाताना.

दार, म्हटलं.